पावसाळा तोंडावर आलाय: गोधडीसाठी जमवलेली कापडं घरात कशी ठेवता?

सुईदोरा, ठाणे (चरई) | २४ मे

नमस्कार मंडळी. पावसाला जेमतेम पंधरा दिवस उरलेत आणि मला तुमच्या अनुभवाची खरंच गरज आहे, म्हणून हा धागा.

गेली अकरा वर्षं मी गोधड्या शिवते. बाळाची दुपटी, सिंगल बेडच्या गोधड्या, कधी भिंतीवर लावायचा तुकडा. कापडं जमत गेली. मंगलदास मार्केटमधली कॅम्ब्रिक (घट्ट विणीचं सुती कापड), उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधले कटपीस, प्रदर्शनांतून घेतलेली हातछपाईची अजरख आणि दाबू, थोडी खादी, आणि आजीची तीन लुगडी. घर वन बीएचके, तिसरा मजला, इमारत जुनी. बेडरूमची पश्चिमेची भिंत बाहेरची, जुलैत तिच्यावर ओल येतेच.

गेल्या वर्षी मे अखेरीला मी सगळं धुतलं, वाळवलं आणि झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेट्यांत भरलं. लुगडी तर हवा काढून घेतात त्या पिशव्यांत घातली. वाटलं, आता हवा नाही, पाणी नाही, चिंता मिटली. गणपतीच्या आधी मखरासाठी कापड हवं म्हणून पेटी उघडली तर कुबट वासाचा भपकाच आला. आजीच्या इरकली लुगड्याची घडी उलगडली तर घडीच्या रेषेवर खसखशीएवढे काळे ठिपके, एका ओळीत, जणू कुणी टाचणीने टोचत गेलंय. दोनदा धुतलं. वास गेला, ठिपके राहिले.

ते लुगडं आजी माझ्या बारशाला नेसली होती. मला फार लागलं ते. यंदा चूक करायची नाही.

तर सांगा: ठाणे-नवी मुंबईच्या हवेत कापड नेमकं कशात ठेवायचं? आणि दुसरं, लावायचं कसं, म्हणजे हवं ते मिळेल? माझ्याकडे एकच कापड तीनदा विकत घेतलं गेलंय, आधीचं सापडलं नाही म्हणून.

पाव_इंच, घोडबंदर रोड | २४ मे

वाचून वाईट वाटलं. माझ्या मते पेटीचा दोष नाही, तुम्ही ओल आत ठेवून झाकण लावलंत. मे अखेरीला हवा आधीच दमट झालेली असते. दोरीवरचं सुती कापड हाताला कोरडं लागतं, पण सूत हवेतलं पाणी धरून असतं. ती ओल पेटीत कोंडली की बुरशीला आणखी काय हवं?

मी असं करते. कापडाला ऊन दाखवायचं ते एप्रिलमध्ये, मे अखेरीला नाही. मग गरम इस्त्री फिरवायची, पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मगच घडी. गरम कापडाची घडी घातली तर वाफ आतच राहते.

येऊरचा_वारा | २४ मे

वाचनखूण साठवली. लुगड्याचा फोटो टाकता येईल का?

खारे_वारे, कोपरखैरणे | २५ मे

मी स्वतः शिवत नाही, पण आई शिवायची. आम्ही मूळचे सातारकडचे, आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आमचं घर सिडकोचं, तळमजल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. आईची कापडं दिवाणाच्या खणात होती, सगळी चिखलात गेली. वाचलं फक्त एक बोचकं. जुन्या लुगड्यात बांधलेलं ते बोचकं पोटमाळ्यावर होतं.

तेव्हापासून घरात दोन नियम. जमिनीपासून दोन फुटांच्या आत कापड ठेवायचं नाही. आणि बाहेरच्या भिंतीला टेकून कपाट लावायचं नाही, मागे निदान चार बोटं जागा सोडायची. तुमच्या पश्चिमेच्या भिंतीला कपाट चिकटलेलं असेल तर आधी तेवढं पुढे ओढा.

आणखी एक. त्या बोचक्यातलं कापड वर्षानुवर्षं टिकलं होतं. सुती लुगड्यातून हवा जाते-येते, हे आई तेव्हाही सांगायची.

मांजरपाट, नेरुळ | २५ मे

सुईदोरा, बाळ, लुगड्याचं वाचून जीव हळहळला. मी बाहत्तर वर्षांची आहे, लग्नात आलेला पत्र्याचा ट्रंक अजून वापरते. माझी रीत सांगते.

ट्रंकेत तळाला आणि चारी बाजूंनी मांजरपाट, म्हणजे जाडं कोरं सुती कापड, अंथरायचा. लाकडाच्या फळीलाही तसाच. लाकडाचा डाग पांढऱ्या कापडावर हळूहळू पिवळा उतरतो, पत्र्याचा गंज तर लगेच धरतो. मांजरपाट दर दिवाळीला धुऊन पुन्हा अंथरायचा. वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यांत ठेवायचा. पाला कडकडीत वाळलेला हवा, हिरवट असेल तर तोच ओल सोडतो. वेखंडाचा वास कमी झाला की तुकडा मोडायचा, पुन्हा उग्र होतो.

आणि टाचण्या! कापडात एकही टाचणी ठेवून घडी घालू नये. आपल्याकडे खाडीची खारी हवा. माझ्या सुनेने नमुना टाचून ठेवला होता, चार महिन्यांत प्रत्येक टाचणीखाली तांबूस टिकली. गंजाचा डाग साध्या धुण्याने जात नाही.

लेकुरवाळी, ऐरोली | २५ मे

काकू, डांबरगोळ्या चालतील का? सासूबाई सगळ्या कपाटांत टाकतात. मी बाळासाठी दुपटं शिवायला घेतलंय.

निळाई, सीवूड्स | २५ मे

लेकुरवाळी, कृपा करून बाळाच्या कापडाजवळ डांबरगोळी ठेवू नका. त्यात नॅप्थलीन असतं. काही बाळांना जन्मतः जी-६-पी-डी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते. अशा बाळाला नॅप्थलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता आधी लक्षातही आलेली नसते. त्या कपाटातले कपडे नुसते वाऱ्यावर टाकून वापरू नका, नीट धुवा, उन्हात वाळवा. कापराचंही तेच, तान्ह्या बाळाजवळ तोही नको.

शिवाय डांबरगोळीने बुरशी थांबते असं समजून राहू नये. ओल ती ओलच.

लेकुरवाळी, ऐरोली | २५ मे

हे मला अजिबात माहीत नव्हतं. आजच काढून टाकते. मनापासून आभार.

पाव_इंच, घोडबंदर रोड | २६ मे

आता घडीबद्दल लिहिते, कारण सापडत नाही ही अडचण मलाही होती आणि ती निव्वळ घडी बदलून सुटली.

आपल्याकडे गोधडीचं बहुतेक कापड ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) येतं. काठाला काठ जुळवून दुमडलं की २२ इंच, पुन्हा दुमडलं की ११. आता कापायची ६ बाय २४ ची पट्टी असते ना, तिच्याभोवती हे कापड गुंडाळत जायचं आणि शेवटी पट्टी ओढून काढायची. ११ बाय ६ ची घडी मिळते. दोन मीटर असो की अर्धा मीटर, आकार तोच, फक्त जाडी बदलते. ३६ पन्ह्याची खादी असेल तर ९ बाय ६.

या घड्या एकावर एक रचू नका. पुस्तकासारख्या उभ्या लावा. ढिगातून खालचं ओढलं की वरचं सगळं कोसळतं आणि मग आपण खालचं ओढायचंच सोडून देतो. उभी घडी असली की प्रत्येक कापडाची कड दिसते.

मोठी गोष्ट पुढे आहे. कपड्यांच्या कपाटाची खोली २२ इंचांच्या आसपास असते. ११ इंची घडीच्या दोन रांगा बसतात आणि मागची रांग कायमची नजरेआड जाते. पुस्तकांच्या कपाटाची खोली साधारण १२ इंच असते. एकच रांग. मी कपड्यांचं कपाट नवऱ्याला दिलं आणि जुनं पुस्तकांचं कपाट कापडांसाठी घेतलं. त्यानंतर एकही कापड दुसऱ्यांदा घेतलेलं नाही.

मीटरभरापेक्षा कमी कापड उभं राहत नाही, वाकतं. त्याला आत आधार लागतो. पुठ्ठा घालू नका, पुठ्ठा ओल पितो, त्यातलं आम्ल कापडाला लागतं आणि त्याच्या नळ्यांत झुरळं अंडी घालतात. फलक छापणाऱ्यांकडे सनपॅक शीटचे (प्लॅस्टिकच्या पोकळ शीटचे) उरलेले तुकडे मिळतात. ५ बाय १० चे कापून घ्या. हलके, ओल न धरणारे.

सुईदोरा, ठाणे | २६ मे

पाव_इंच, तुमचा प्रतिसाद वाचत वाचतच पट्टी घेऊन बसले. पंचवीस घड्या झाल्या! पुस्तकांचं कपाट नाही, पण हॉलमध्ये काचेची दारं असलेलं शोकेस आहे. खोली मोजली, १३ इंच. त्यातली काचेची भांडी पोटमाळ्यावर जातील.

निळाई, सीवूड्स | २६ मे

काचेचं दार असेल तर आतून जुन्या सुती साडीचा पडदा लावा. मी नैसर्गिक रंगांचं काम करते. नीळ आणि हळदीचा रंग उजेडाने कसा उतरतो ते रोज बघते. हळद तर काही दिवसांतच फिकी पडते. उभ्या घडीत फक्त कड उजेडाला असते, त्यामुळे नेमका तेवढाच पट्टा विटतो. मधलं कापड जसंच्या तसं. मग कापताना ती रेघ टाळत बसावं लागतं.

धुण्याबद्दल कुणी बोललं नाही अजून. माझं मत पक्कं आहे: कापड घरात आलं की आधी धुवायचं. नव्या कापडाला गिरणीची खळ असते, आणि कसर त्या खळीवर जगते. झुरळांनाही ती आवडते. खळ काढून ठेवलेल्या कापडाला कसर फार कमी लागते. हाताने छापलेलं कापड रंग सोडतं ते वेगळंच.

पाव_इंच, घोडबंदर रोड | २६ मे

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. कॅम्ब्रिकची खळ असताना कापणं सोपं जातं, कडा सुटत नाहीत. पाच इंचाचा चौकोन पाच इंचाचाच येतो. आणि न धुता शिवलेली गोधडी पहिल्या धुण्यात आकसते तेव्हा टाक्यांभोवती ज्या सुरकुत्या पडतात, त्या मला हव्याच असतात.

निळाई, सीवूड्स | २७ मे

सुरकुत्यांचं मान्य. पण अर्धी कापडं धुतलेली आणि अर्धी कोरी असली तर एकाच गोधडीत कमी-जास्त आकसतात आणि चौकोन ओढले जातात. आणि लाल! गेल्या वर्षी एका मैत्रिणीने लाल छापाचं कापड न धुता पांढऱ्याशेजारी शिवलं. चार महिन्यांचं काम पहिल्या धुण्यात गुलाबी झालं.

कापणं सोपं व्हावं म्हणून खळ हवी असेल तर कापायच्या दिवशी तांदळाची पातळ पेज लावून इस्त्री करा. ठेवताना मात्र खळ नको.

रंगाची परीक्षा सोपी आहे. कापडाचा कोपरा ओला करायचा, पांढऱ्या रुमालात धरून वरून गरम इस्त्री दाबायची. रुमालाला रंग लागला की ते कापड वेगळं धुवायचं, पाणी नितळ येईपर्यंत. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो असं खूप जण सांगतात. तयार रंगवलेल्या कापडावर त्याचा भरवसा धरू नका.

पाव_इंच, घोडबंदर रोड | २७ मे

पटलं. दोन-तीन महिन्यांत कापणार ते कॅम्ब्रिक कोरं ठेवेन. बाकी सगळं, आणि हातछपाई तर नक्कीच, धुऊन.

धुतलेलं कुठलं हे कळायला कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घालता येईल. टाका दिसला म्हणजे धुतलंय.

सुईदोरा, ठाणे | २७ मे

एका टाक्याची खूण! हे मी आजपासून करणार.

लावण्याच्या क्रमाबद्दल. मी आधी सगळं रंगावर लावलं होतं. फार सुंदर दिसायचं. पण निळ्याच्या रांगेत मलमल, कॅम्ब्रिक आणि जाड खादी शेजारी शेजारी. डोळ्यांना जुळतं म्हणून तिन्ही एका गोधडीत घातली. वर्षभरात मलमलीचे चौकोन शिवणीपाशी फाटले, कारण खादी त्यांना ओढत होती. आता पहिली वाटणी कापडाच्या जाडीवर, त्याच्या आत रंग. रेशीम आणि खणाचं कापड वेगळं. बरोबर होईल ना?

मांजरपाट, नेरुळ | २७ मे

अगदी बरोबर. रेशमाची आणि खणाची घडी दर दोन-तीन महिन्यांनी मोडून दुसरीकडून घालत जा. एकाच रेषेवर राहिली की तिथेच चिरतं.

खारे_वारे, कोपरखैरणे | २८ मे

वजनाचा एक हिशोब. ४४ पन्ह्याचं साधं सुती कापड, चौरस मीटरला ११० ग्रॅम धरलं, तर एक मीटर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास होतं. आठ मीटरला एक किलो. दोनशे मीटर असेल तर पंचवीस किलो. शोकेसच्या काचेच्या फळ्यांवर एवढं ठेवू नका, प्लायच्या फळ्या टाकून घ्या. कपाटाच्या दांडीला अडकवायचे कापडी खणही मागवू नका, दांडी वाकते.

सुईदोरा, ठाणे | २८ मे

बरं झालं सांगितलंत, फळ्या काचेच्याच आहेत. उद्या सुतारकाकांना बोलावते.

येऊरचा_वारा | २८ मे

एक भाबडा प्रश्न. किती कापड ठेवायचं याला काही माप आहे का? आईकडे इतकं आहे की तिला स्वतःलाच अंदाज नाही.

पाव_इंच, घोडबंदर रोड | २९ मे

भाबडा नाही, हाच मूळ प्रश्न आहे. एका गोधडीला किती लागतं ते आधी पाहू.

सिंगल बेडची गोधडी, साधारण ६० बाय ९०. पाच इंचाचे चौकोन कापले तर दोन्हीकडून पाव इंच शिवणीत जाऊन साडेचार उरतो. आडवे १३, उभे २०, एकूण २६० चौकोन. ४४ पन्ह्यातून काठ सोडून एका पट्टीत आठ बसतात. म्हणजे ३३ पट्ट्या, १६५ इंच, सव्वाचार मीटर. पाठीला दोन पन्हे जोडावे लागतात, थोडं जास्तीचं धरून पावणेपाच-पाच मीटर. म्हणजे एक गोधडी नऊ-साडेनऊ मीटर.

आता आईंना विचारा, वर्षाला किती गोधड्या होतात? दोन होत असतील तर दोनशे मीटर कापड दहा वर्षं पुरेल. मी हा हिशोब मांडला तेव्हा दोन वर्षं पाठीच्या कापडाशिवाय काही विकत घेतलं नाही, आणि मनासारखं शिवून झालं.

निळाई, सीवूड्स | २९ मे

चिंध्यांचंही बोला. माझ्याकडे तीन डबे आहेत: अडीच इंचाच्या पट्ट्या, पाच इंचाचे चौकोन आणि उरलेला भुगा. गोधडी संपली की त्याच दिवशी उरलेलं कापून डब्यात टाकायचं. न कापता ठेवलेली चिंधी मी आजवर कधी वापरलेली नाही.

भुग्याची मी कवंदी, म्हणजे एक प्रकारची गोधडी, करते. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजातल्या बायकांची ही रीत. कडेपासून शिवायला घ्यायचं आणि धावदोऱ्याने फिरत फिरत मध्याकडे यायचं. तुकडे मापात कापावे लागत नाहीत, जिथे जसा बसेल तसा, कड आत दुमडून. चारी कोपऱ्यांना घडीचे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांशिवाय कवंदी पुरी होत नाही. भुग्याचा डबा रिकामा करायला यासारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

सुईदोरा, ठाणे | १४ जून

पाऊस लागला. शोकेस लागलं. पश्चिमेची भिंत सोडून आतल्या भिंतीला, मागे चार बोटं जागा. प्लायच्या चार फळ्या, प्रत्येकीवर मांजरपाट. सर्वांत खाली कापड नाही, दोऱ्यांचे डबे. आत छोटं आर्द्रता मोजायचं यंत्र ठेवलंय. दारं मिटून आत ७८ टक्के दाखवतंय. हे चालेल का?

पाव_इंच, घोडबंदर रोड | १४ जून

७८ जास्त आहे, ६५ च्या खाली हवं. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या दर फळीला किलोच्या हिशोबाने ठेवा, दोन-चार पुड्यांनी काही होत नाही. रंग बदलणारे दाणे घ्या, भरले की कढईत मंद आचेवर नाही, ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर सुकवा. ओल शोषून ज्या डब्यांत पाणी जमतं ते कापडाच्या फळीवर नकोत, कलंडला तर ते खारं पाणी कापडावर. एसी असेल तर संध्याकाळी तासभर ड्राय मोडवर लावून कपाटाची दारं उघडी ठेवा.

कपाटात दिवा लावून ठेवायचा सल्ला कुणी देईल. सुती कापडाजवळ तापलेला दिवा नको.

खारे_वारे, कोपरखैरणे | १५ जून

बाहेर धो धो पाऊस असताना दारं उघडून वारं देऊ नका. खिडक्या लावून, पंखा लावून मग उघडा.

सुईदोरा, ठाणे | १९ ऑक्टोबर

धागा वर काढते आहे, कारण निकाल सांगायचाय. पावसाळाभर आत ६० ते ६८ राहिलं. ऑक्टोबरचं ऊन लागल्यावर परवा सगळी कापडं गच्चीत पसरली. एकालाही वास नाही, एकही ठिपका नाही. दोऱ्याने शिवलेली नमुन्यांची वही केली आहे, प्रत्येक पानावर इंचभर तुकडा, शेजारी पन्हा, मीटर, धुतलंय की नाही. एकशे बारा कापडं निघाली. मीटर मोजले, एकशे चाळीस. पंधरा गोधड्यांचं कापड.

आणि ते इरकली लुगडं. मी ते ठिपक्यांसकट पुन्हा घडी घालून ठेवणार होते. मग वाटलं, आजीने स्वतःच्या आईच्या लुगड्याची गोधडी शिवली होती, मी त्याच गोधडीत वाढले. काल कात्री लावली. हात थरथरत होता. मधला भाग विरलेला होता आणि ठिपक्यांची ओळ त्यातच गेली. काठ आणि पदर चांगला निघाला. पाच इंचाचे ब्याण्णव चौकोन झाले, काठाच्या पट्ट्या वेगळ्या. भावाच्या मुलीला डिसेंबरात एक वर्ष होतंय, तिच्यासाठी.

काठाची पट्टी चारी बाजूंनी लावायची आहे. कोपऱ्यात तिरकी दुमडू की सरळ जोडू?

मांजरपाट, नेरुळ | १९ ऑक्टोबर

सरळ जोड. जुन्या लुगड्याचं सूत दमलेलं असतं, तिरकं धरलं की ताणतं आणि कोपरा वर येतो. जोडायच्या आधी पट्टीला मागून मलमलीचं अस्तर दे. आणि टाके बारीक घाल, वर्षाचं पोर गोधडी ओढतच चालतं.